उधईनं खाल्लेली सोळा पानं

सात वर्षं मी बैलबंडीतून पुस्तकं वाहिली. लोक धान वाहतात, बांबू वाहतात, मोहाची फुलं वाहतात. मी गोष्टी वाहिल्या. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली ही चांदा जिल्ह्यातली एक तहसील होती. आमचं राज्य मध्यप्रदेश आणि राजधानी नागपूर. एका संस्थेनं खेड्यांसाठी फिरतं वाचनालय काढलं, त्यात मला नोकरी लागली. हुद्दा ग्रंथपाल. प्रत्यक्षात अर्धा हमाल आणि अर्धा कीर्तनकार.

हे काम आता कोणी करत नाही, म्हणून थोडं समजावून सांगतो. लाकडी पेटीत चाळीस पुस्तकं असत. एक पेटी एका गावच्या शाळेत ठेवायची, दोन महिन्यांनी येऊन ती उचलायची आणि दुसरी ठेवायची. बंडी हाकायला लटारूभाऊ होते. वयानं माझ्या वडिलांएवढे, अक्षरशत्रू, आणि पुस्तकांबद्दलची मतं अत्यंत ठाम. पेटी उचलूनच ते सांगत, "साहेब, या गावानं काहीच वाचलं नाई. पेटी गेली तेवढीच जड हाय." वाचलेली पुस्तकं हलकी होतात असा त्यांचा सिद्धांत होता. गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा बरोबर निघत.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक कोतवाल दर खेपेला रेल्वेचं वेळापत्रकच मागायचा. आगगाडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती, पण वरोऱ्याला गाडी किती वाजता येते हे तो गावाला रोज सांगायचा. एका गुरुजींनी एका कादंबरीतले सगळे चुंबनाचे उल्लेख शाईनं खोडले होते, आणि त्यामुळे ती कादंबरी त्या भागात सगळ्यात लोकप्रिय झाली.

आमच्या वरिष्ठांचा आग्रह खताच्या आणि आरोग्याच्या पुस्तिकांचा होता. "या राक्षसांच्या आणि जादूच्या भाकडकथा काढून टाका," असं पत्र दर सहा महिन्यांनी यायचं. मी "होय" असं उत्तर लिहायचो आणि भाकडकथा पेटीत तळाशी ठेवायचो. खताच्या पुस्तिका कोऱ्या परत येत. भाकडकथांची पानं हाताळून हाताळून मऊ पडलेली असत.

त्यातली सगळ्यात मऊ पडलेली गोष्ट होती 'नवलगडची मुलं'. कव्हर गेलेलं, लेखकाचं नाव त्याच्याबरोबर गेलेलं. पाच मुलं, प्रत्येकाकडे एकेक अद्भुत शक्ती. एक पाखरांशी बोलतो, एक दिसेनासा होतो, एक हातानं विस्तव उचलतो, एक वाऱ्याला थांबवतो. पाचवी चित्रा नावाची मुलगी. तिला पाण्याखालचं आणि मातीखालचं सगळं ऐकू येतं. गोष्ट अशी रंगत जाते की ऐकणाऱ्यानं श्वास रोखून धरावा. दुष्ट राजा चित्राला दरबारात पकडून आणतो, आणि तिथेच पुस्तक संपतं. म्हणजे तिथून पुढची सोळा पानं उधईनं, वाळवीनं, खाल्लेली होती. पानं होती, पण जाळीसारखी. अक्षरं गायब.

वाचणारे कमी आणि ऐकणारे पुष्कळ, म्हणून पेटी पोचल्या दिवशी दुपार कलली की मी शाळेच्या ओट्यावर वाचून दाखवायचो. आमच्या भागात छापील पुस्तकाला लोक पोथीसारखं मानत. पेटी पाटावर ठेवत, तिला हळदकुंकू लावत. वाचताना चपला बाहेर. वाचन संपलं की लाह्या-गुळाचा परसाद. खताच्या पुस्तिकेलासुद्धा मी कुंकू लागलेलं पाहिलं आहे. एक रिवाज मात्र मी माझा घातला होता: ज्या मुलानं त्या खेपेत सगळ्यात जास्त पुस्तकं वाचली, त्यानं माझ्या शेजारी बसून पान उलटायचं. मी नुसती मान हलवायची आणि त्यानं पान फिरवायचं. या मानासाठी मुलं भांडत.

'नवलगड' मी कुठल्याच गावात ठेवत नसे, बंडीतच ठेवी, आणि त्याचा शेवट प्रत्येक गावात वेगळा सांगत असे. पान उलटणाऱ्या मुलाला 'पुढची पानं नाजूक आहेत' म्हणून खाली बसवायचं, जाळीच्या पानांकडे बघायचं आणि तोंडाला येईल ते बोलायचं. शिकाऱ्यांच्या गावात राजा वाघाच्या तोंडी जाई, माळकऱ्यांच्या गावात त्याला पश्चात्ताप होई. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटायचं. आता ते आठवलं की कान गरम होतात.

मार्कंड्यापासून दोन कोसांवर, वैनगंगेच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि ती चांगली माणसं आहेत. अर्धं गाव धानाची शेती करणारं, अर्धं ढिवरांचं, म्हणजे तलावात आणि नदीत मासे धरणाऱ्यांचं. दिवाळीनंतरच्या खेपेला आम्ही तिथे पोचलो तेव्हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसलेली दिसली. लांब बांबूचं एक टोक पाण्यात, दुसरं गालाशी. तिथून ती हात करून दाखवायची आणि तिचा बाप डोमा त्या बाजूला जाळं फेकायचा. तीनदा फेकलं, तीनदा जाळं भरून आलं.

मी विचारलं, "हे काय करून राहिली तुमची पोरगी?"

डोमा लाजून म्हणाला, "सायत्राले आयकू येते जी. मासे कुठी हायत ते. मले काई येत नाई."

मी हरखून गेलो. पुस्तकातली चित्रा मला पाळीवर बसलेली सापडली होती! त्या दुपारी वाचनात मी शेवट रचला तो असा, की जलदेवी प्रकट होते आणि म्हणते, "ही शक्ती मी लाखांत एकीलाच देते." आणि एवढ्यावर गप्प न बसता सायत्राला हात धरून उभं केलं आणि सगळ्या गावासमोर म्हणालो, "तुमच्या गावातही एक चित्रा आहे. जलदेवीनं निवडलेली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लाह्या खाल्ल्या आणि समाधानानं पुढच्या गावाला निघालो.

निघताना सायत्रा बंडीजवळ आली. पुस्तक तिनं तेवढ्यात चाळून पाहिलं होतं.

"भाऊ, शेवटचे पानं त उधईनं खाल्ले. तुमी कुठून वाचलं?"

"डोक्यातून," मी म्हणालो.

ती खुदकन हसली. "सांगत नाई मी कोणाले."

दोन महिन्यांनी, माघात परत गेलो तेव्हा पाळीवर कोणी नव्हतं. शाळेत सायत्रा होती, पण भिंतीकडे तोंड करून एकटी. तिच्या आजूबाजूला चार-चार हात जागा मोकळी. ती पेटीतलं पुस्तक वाचत होती, आणि मी आत आल्यावरही तिनं मान वर केली नाही.

गुरुजींनी मला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. आमची बंडी गेली त्याच आठवड्यात गावात गोवर आला होता. गिरजाआजीचा एकुलता एक नातू, चार वर्षांचा, त्यात गेला. त्या सकाळी सायत्रा नेहमीसारखी पाळीवर बांबू लावून बसली होती आणि ते आजीनं पाहिलं होतं. दुःखानं वेड लागल्यासारखी आजी बोलली, "जिले पाण्यातला जीव कुठी हाय ते समजते, तिले घरातला जीव नाई समजत? आयकते आन् ओढते." एकीनं ऐकलं, दुसरीनं मान हलवली. सायत्रा दिसली की दारं लागू लागली. डोमाला तलावात जाळं टाकायची बंदी झाली. येत्या सोमवारी पंच बसणार होते. पोरीला गावाबाहेर काढायचं, की सगळ्या घरालाच, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"पण तिनं काय केलं?" मी म्हणालो.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "लोक म्हणतात, पुस्तकातच हाय. लाखांत एकीलाच जलदेवी निवडते. तुम्हीच वाचलं ना साहेब?"

मी ओट्यावर खाली बसलो. आयुष्यात मी लहानमोठ्या चुका पुष्कळ केल्या, पण एखाद्या मुलीच्या जिवावर बेतेल अशी ही एकच, आणि तीही टाळ्या घेऊन केलेली.

डोमाच्या घरी गेलो. तो जाळं गुंडाळत होता. "सिरोंच्याले मामा हाय तिचा. तिकडं सोडून देतो. आमाले पाह्यता येणार नाई, पण जित्ती त राहीन." सायत्राची आई चुलीपाशी होती, तिनं मला बसायला पाट सरकवला, आणि ते मला सगळ्यात जड गेलं.

तिथून गिरजाआजीकडे गेलो. सरळ हात जोडले. म्हणालो, "आजी, ते जलदेवीचं सगळं खोटं होतं. मी मनचं बोललो."

आजी वाळून काटकी झाली होती. तोंडात एकही दात नव्हता. ती शांतपणे म्हणाली, "छापलेलं खोटं कसं राहीन, बाबू? पोरीवर दया आली म्हणून तू आता खोटं बोलून राह्यला."

पुस्तकात आहे म्हणून लोकांचा विश्वास होता, आणि मी, वाचणारा, नाही म्हणालो तर मीच खोटा ठरत होतो. परत येताना लटारूभाऊ बैलांना पाणी पाजत होते. त्यांना सांगितलं. बैलाची पाठ चोळत ते म्हणाले,

"साहेब, पुस्तकानं बिघडवलं त पुस्तकालेच सांगा दुरुस्त कराले. तुमच्या सांगण्याले कोण पुसते?"

त्या दुपारी मी वाचन ठेवलं. 'नवलगडची मुलं', मागच्या खेपेला राहिलेला शेवटचा भाग, असं गुरुजींकरवी गावाला कळवलं. गाव यायचं की नाही ही धास्ती होती, पण पोथी अर्धी राहिली तर बरं नसतं म्हणून सगळे आले. पंचही आले. गिरजाआजी अगदी पुढे बसली. मी नेहमीप्रमाणे वही काढून विचारलं, "सगळ्यात जास्त पुस्तकं कोणी वाचली?"

गुरुजी हळूच म्हणाले, "सायत्रानं. एकवीस."

दोन महिने तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. तिला दुसरं करायला काय होतं? ती उठली. तिच्या वाटेतली माणसं अंग चोरून बाजूला सरकली. कोणीतरी पुटपुटलं, पण रिवाज हा रिवाज. ती माझ्या शेजारी पाटावर येऊन बसली आणि पुस्तकाच्या कडेला बोट लावून थांबली.

राजाच्या दरबारापर्यंत छापलेलं वाचलं. मग मी मान हलवली आणि तिनं पहिलं जाळीचं पान उलटलं. इतकं हलक्या हातानं, की एक कण खाली पडला नाही. समोरच्यांना काही कळायचं कारणच नव्हतं.

मी 'वाचू' लागलो. "राजा म्हणाला, मुली, तुझी शक्ती मला दे, नाहीतर देशोधडीला लावीन. चित्रा म्हणाली, महाराज, ही काही लपवून ठेवायची वस्तू नाही. नगरातली सगळी मुलं बोलवा. मला येतं ते मी त्यांना शिकवते..."

"थांब!" गिरजाआजी ओरडली. "मागच्या खेपी त जलदेवीनं एकीलेच देल्लं म्हणत होता! पुस्तक बदलते का?"

सगळं गाव माझ्याकडे बघू लागलं. मी पुस्तकाकडे बघू लागलो. सात गावांत सात शेवट सांगणाऱ्या माझ्या जिभेला त्या क्षणी एक शब्द सुचेना.

तेवढ्यात शेजारून बारीक पण स्वच्छ आवाज आला. "ते मागचं पान होतं आजी. हे त्याच्या पुढचं हाय."

सायत्रानं पुस्तक माझ्या हातातून आपल्या मांडीवर घेतलं. जाळीच्या पानावर, जिथे एक अक्षर नव्हतं तिथे, तिनं बोट ठेवलं. आणि डावीकडून उजवीकडे, ओळीखाली फिरवावं तसं फिरवत ती वाचू लागली. शाळेतलं वाचन, एकेका शब्दावर थांबत, पुस्तकी भाषेत.

"मग जलदेवी आली. ती राजाला म्हणाली, मी चित्राला काहीच दिले नाही. मी तिला फक्त उगी बसायला शिकवले. जो कोणी उगी बसेल, त्याला ऐकू येईल. ज्याला खोटे वाटत असेल, त्याने उद्या सकाळी तलावावर यावे."

तिनं पान उलटलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. पुस्तक मिटलं.

मी पुष्कळ पुस्तकं वाचली. दिसेनाशी होणारी मुलं वाचली, विस्तव उचलणारी वाचली. पण कोऱ्या पानावर बोट ठेवून आपला जीव स्वतः वाचून काढणारी मुलगी मी एकदाच पाहिली. अंगावर काटा आला होता, आणि आज लिहितानाही आला आहे.

लाह्या वाटून झाल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं. पोरीनं गावाला उघड परीक्षेला बोलावलं होतं. उद्या दुसऱ्या कोणाला ऐकू आलं नाही, तर? मग ती एकटीच ठरणार होती, आणि तेही पुस्तकाच्या साक्षीनं.

सकाळी ऊन वर यायच्या आत सगळं गाव पाळीवर जमलं. सायत्रा बांबू घेऊन उभी होती. पहिला पुढे आला गुरुजींचा मुलगा. त्यानं बांबू कानाशी धरला. बराच वेळ गेला.

"काई नाई," तो म्हणाला.

दुसरी एक मुलगी आली. काही नाही. तिसरा आला. काही नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. डोमा खाली मान घालून पाळीवरचं गवत उपटत होता. मी देवाला नवस बोलण्याच्या बेतात होतो, आणि मी नवस करणारा माणूस नव्हे.

सायत्रा मात्र त्या मुलांकडे नवलानं बघत होती. मग एकदम म्हणाली, "कानानं काऊन आयकून राह्यले? दातात धरा ना!"

बांबू तिच्या गालाशी असतो एवढंच सगळ्यांनी पाहिलं होतं. ती त्याचं टोक दातांत घट्ट धरते हे आजवर कोणी तिला विचारलंच नव्हतं, आणि सगळे तसंच करतात असं समजून तिनं सांगितलंही नव्हतं. गुरुजींच्या मुलानं परत बांबू घेतला, चावला, डोळे मिटले. क्षणभरानं त्यानं तो असा टाकला, जणू चटका बसला.

"चणे फुटून राह्यले! पाण्यात चणे फुटून राह्यले!"

मग काय, झुंबड उडाली. कोणी घरून बांबू आणले, कोणी बंडीची काठी काढली. एकाला आलं, दोघांना आलं, डोमाला पोरीचा बाप होऊन अकरा वर्षांनी पहिल्यांदा आलं. मीही चावला. आधी नुसती गुणगुण. मग श्वास आवरला, आणि ऐकू आलं. कवटीच्या आत, अगदी मधोमध, टक् टक् टक्, त्याच्यामागे घुर्र, आणि त्याच्याही मागे काहीतरी सरकत गेल्यासारखं. वर तलाव गुळगुळीत पडलेला आणि खाली एवढा बाजार भरलेला! नागपूरच्या एका प्राध्यापकांना मी पुढे विचारलं. ते म्हणाले, मासे आवाज करतात आणि हाडातून ध्वनी जातो, त्यात विशेष काही नाही. असेल. मी मात्र त्या पाळीवर गुडघ्यांवर बसलो होतो आणि माझे डोळे भरून आले होते.

शेवटी गिरजाआजी पुढे आली. तिनं बांबू तोंडाला लावला, हिरड्यांनी धरायला बघितलं, पण तो निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला.

"मले काऊन येत नाई?" तिच्या आवाजात राग नव्हता आता. लहान मुलासारखी तक्रार होती.

"आजी, तुमाले दात नाईत ना," सायत्रा म्हणाली.

पाळीवर हशा पिकला. पंच हसले, लटारूभाऊ तर बैलाच्या गळ्यात पडून हसले. त्या हसण्यात दोन महिन्यांची भीती कुठे गेली कोण जाणे. सायत्रा हसली नाही. ती थोडा विचार करत उभी राहिली, मग आजीच्या जवळ गेली. दोन महिन्यांत तिच्या एवढ्या जवळ कोणी गेलं नव्हतं आणि कोणाजवळ ती गेली नव्हती. तिनं आजीच्या कानामागचं हाड बोटानं चाचपलं आणि बांबूचं टोक तिथे टेकवून धरलं. "आता उगी राहा."

आजी उगी राहिली. किती वेळ, सांगता येणार नाही. तिच्या सुरकुतलेल्या गालावरून पाणी ओघळू लागलं.

"एवढे जीव हायत आत?" ती म्हणाली.

"हो आजी."

"कोणी ओढून नाई राह्यलं त्याईले?"

"नाई आजी. आपले आपले राहून राह्यले."

आजीनं बांबू बाजूला केला. सायत्राच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "सकाऊन काई खाल्लं का तू?" आणि तिला हाताला धरून घरी पेज प्यायला घेऊन गेली.

सोमवारी पंच बसले ते तलावातलं गवत कधी काढायचं यासाठी. डोमाचं जाळं पुन्हा पाण्यात पडलं.

त्यानंतर मी कुठल्याही गावात कोणा मुलाला बोट दाखवून अद्भुत म्हटलं नाही. ती हौस तिथेच फिटली.

पाच-सहा वर्षांनी, नागपुरात फूटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना 'नवलगडची मुलं' हाती लागलं. पूर्ण. करकरीत. शेवटची सोळा पानं जशीच्या तशी. मी तिथेच उभ्यानं वाचली. शेवट असा होता: राजा मरतो, एक ऋषी येतो, मुलांना म्हणतो, "तुमचं काम झालं, शक्ती परत करा." पाचही मुलं शक्ती परत देतात, सगळं विसरतात आणि शहाण्यासारखी शाळेत जाऊ लागतात.

त्या महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत सायत्रा भेटली. लग्न झालेली, पुढ्यात उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. तिनं हात पदराला पुसले आणि शेवटची पानं काढली. ओळीखालून बोट फिरवत, एकेका शब्दावर थांबत, सगळी वाचली. टोपलीपुढे गिऱ्हाईक खोळंबून राहिलं होतं.

मग तिनं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"छापतानी चुकलं असन, भाऊ," ती म्हणाली, आणि शिंगाडे मोजायला लागली.

ते करकरीत पुस्तक मी बंडीत कधीच ठेवलं नाही. माझी नोकरी संपेपर्यंत गावोगाव फिरलं ते उधईनं खाल्लेलंच.